जोतिबा-पन्हाळ्याच्या डोंगराचं वर्ष : पाहुण्यांसाठी एक पान लिहायचंय, मदत करा

दख्खनवाट (धागाकर्ती)

मंडळी, भिंतीवर लावायच्या एका पानासाठी मदत हवी आहे.

माझी आत्तेबहीण पन्हाळ्यावर असते. घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देते, शनिवार-रविवारी चुलीवर झुणका-भाकरी करते. गेल्या वर्षी, २०२५ च्या ११ जुलैला, बारा किल्ल्यांत पन्हाळ्याचंही नाव जागतिक वारशाच्या यादीत लागलं, आणि तिला येणाऱ्या फोनचा सूरच बदलला. पूर्वी लोक विचारायचे, खोली आहे का, गाडी लावायला जागा आहे का. आता विचारतात, "तिकडं फेस्टिव्हल कधी असतो?" ती मला म्हणाली, "ताई, तू एक पान लिहून दे. वर्षभरात डोंगरावर काय काय असतं ते. पडवीत लावते, आणि फोनवर पण तेच पाठवते."

लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. विचारणाऱ्याला तारीख हवी असते आणि आपल्याकडं सगळं तिथीवर. त्यात यंदा, २०२६ ला, ज्येष्ठ अधिक. म्हणजे चैत्रातलं वेळेवर, पण आषाढापासून पुढचं सगळं लांबणार. दसरा थेट २० ऑक्टोबरला. गेल्या वर्षीच्या तारखा बघून कुणी बस ठरवली तर तो मोकळ्या डोंगरावर येऊन उभा राहील.

आत्तापर्यंत जे लिहिलंय ते असं. माघात खेटे सुरू होतात, पाच रविवार. चैत्री पौर्णिमेला जोतिबाची यात्रा. आषाढात कोल्हापुरात टेंबलाईची यात्रा आणि इकडं पन्हाळा-पावनखिंड मोहिमा. श्रावणात षष्ठीला पुन्हा जोतिबावर चोपडाईची यात्रा, त्याच महिन्यात डोंगराभोवतीची नगरप्रदक्षिणा. मग नवरात्र, दसरा चौकातलं सोनं, त्रिपुरीला पंचगंगेच्या घाटावरचे दिवे.

यातल्या खेट्यांबद्दल मी जास्त लिहिणार, कारण पाहुण्यांना ते ठाऊकच नसतात. माझ्या वडिलांनी जवळजवळ चाळीस वर्षं एकही खेटा चुकवला नाही. रात्री तीनला उठायचे, पंचगंगेवर हातपाय धुवायचे आणि शिवाजी पुलावरून अनवाणी चालू लागायचे. वडणगे, निगवे, कुशिरे. मी सातवीत असताना पहिल्यांदा त्यांच्यासोबत गेले. उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडं निघालेल्या असायच्या, त्यांचे दिवे मागून आले की आम्ही कडेला व्हायचो. निगव्याच्या पुढं कुठल्यातरी गुऱ्हाळावर काहिलीखाली जाळ असायचा आणि त्या थंडीत नुसता रसाचा वाससुद्धा ऊब दिल्यासारखा वाटायचा. कुणी कुणाचं नाव विचारत नाही. मागून "चांगभलं" आलं की आपणही म्हणायचं आणि पाय उचलायचा. गायमुखाशी पोचेपर्यंत फटफटतं, आणि तिथून खरा चढ.

कथा सगळ्यांना माहीत आहे. जोतिबा हिमालयात, केदारनाथला परत निघाला तेव्हा त्याला थांबवायला अंबाबाई कोल्हापुरातून चालत वाडी रत्नागिरीला, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर आली. तिची ती चाल म्हणजे खेटा. मला हे फार मोलाचं वाटतं, की आमच्या देवीनं देवाला थांबवायला निरोप धाडला नाही, स्वतः चालत गेली.

वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गेली दोन वर्षं खेटा राहिला. ते बोलून दाखवत नाहीत. रविवारी पहाटे तीनला उठून मात्र बसतात.

तर मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, पानात काय चुकलंय, काय राहिलंय ते सांगा. दोन, बहिणीच्या गल्लीत काही जण म्हणतायत की आता नाव झालंय तर डिसेंबरात तीन दिवसांचा महोत्सव करावा, स्टेज, लाइट, गाणी. माझं मत स्पष्ट आहे. डोंगराला स्वतःचं वर्ष आहे, पाहुण्यांनी त्यात यावं. पण मी कोल्हापुरात राहते, पोट त्यांचं तिथं आहे. म्हणून विचारते.

कळकवाला

ताई, खेट्याचं वाचून डोळ्यांपुढं कुशिऱ्याची वाट उभी राहिली. चैत्राचं मी सांगतो. आमच्या गावची सासनकाठी आहे आणि एकोणीस वर्षं झाली मी काठीखाली आहे.

बाहेरच्यांना वाटतं काठी म्हणजे उंच झेंडा. तसं नाही. आधी कळक बघायला जायचं. सरळ पाहिजे, कुठं कीड नको, वाजवून बघायचा. मग त्याला कापड गुंडाळायचं, वर तुरा बांधायचा, आणि चारी अंगाला दोर. आमची काठी चाळीस फुटी आहे, हिच्यापेक्षा कितीतरी उंच काठ्या येतात. गावातनं निघतो ते चालतच. मुक्कामाची घरं ठरलेली. एका घरात तर आजोबा होते तेव्हापासून पिठलं-भातच असतो, आणि त्या घरची म्हातारी काठीच्या बुडाला पाणी घातल्याशिवाय आम्हाला ताट वाढत नाही.

डोंगरावर पोचलं की हलगी, घुमकं, कैताळ सुरू होतं. खालचा गडी कमरेच्या पट्ट्यात बूड टेकवून काठी नाचवतो, सगळी दुनिया त्याच्याकडं बघते. पण काठी तोलतात ते दोरवाले. वारा कुठनं येईल सांगता येत नाही. मला चुलत्यांनी शिकवलं ते असं : नाचणाऱ्यानं शेंड्याकडं बघायचं आणि दोरवाल्यानं नाचणाऱ्याच्या गुडघ्याकडं. गुडघा जरा वाकला की समजायचं, दम संपला, दुसऱ्यानं आत शिरून खांदा द्यायचा. काठी खाली टेकू द्यायची नाही.

तुमच्या पानात हे नक्की लिहा : फोटोसाठी दोरांच्या आत शिरू नका. दोन वर्षांमागं एक पोरगा मोबाइल धरून मागंमागं येत दोराला अडखळला. आमच्या दोन गड्यांचे तळहात सोलून निघाले, काठी वाचली. तो पोरगा रडायला लागला, त्याला काही कळलंच नव्हतं. त्याला कुणी आधी सांगितलं असतं तर तो असा आला असता का?

मानाचा क्रमही लिहा. पहिली निनाम पाडळीची, मग विह्याची, मग बाकीच्या. दुपारी मानाच्या काठ्या निघतात, संध्याकाळी पालखी यमाईकडं जाते. बघायचं तर हे बघावं. पहाटेपासून दर्शनाच्या रांगेत उभं राहून चारला दमून खाली उतरणारे लोक नेमकं हेच चुकवतात.

जुना_मास्तर

दख्खनवाट ताई, उत्तम धागा. थोडी भर घालतो.

जोतिबाचं आज दिसतं ते देऊळ १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी बांधलं, शेजारचं केदारेश्वराचं १८०८ मध्ये दौलतराव शिंदे यांनी. जोतिबा हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं कुलदैवत. हे पानावर आलं तर उत्तरेकडून येणाऱ्या पाहुण्याला कळेल की हा डोंगर त्याच्याही इतिहासात आहे.

आता आषाढाबद्दल. तुम्ही "पन्हाळा-पावनखिंड मोहिमा" एवढंच लिहिलंय. मुलं तो रस्ता चालतात, पण कशासाठी चालतात हे एका ओळीत तरी हवं. सिद्दी जौहरचा वेढा १६६० च्या मार्चपासून चालू होता. पावसाळा लागला तरी त्यानं वेढा ढिला केला नाही. १२ जुलैच्या रात्री महाराज राजदिंडीच्या वाटेनं निसटले. दुसऱ्या पालखीत शिवा काशीद होता. तो पायथ्याच्या नेबापूरचा, जातीनं न्हावी. आपण पकडले जाणार आणि ओळख पटली की मारले जाणार, हे ठाऊक असून तो पालखीत बसला. पुढं घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले आणि ती पावनखिंड झाली.

मी नोकरीत असताना दर जुलैत वर्गाला घेऊन नेबापूरला समाधीपाशी जात असे. तिथं भाषण करायचं नाही असा माझा नियम होता. मुलांनी नुसतं दहा मिनिटं बसायचं आणि वर गडाकडं बघायचं. खालून तो कडा केवढा उंच आणि सुटकेची वाट केवढी अरुंद, हे बसल्याशिवाय समजत नाही. मोहिमेला येणाऱ्या प्रत्येक गटानं निघण्याआधी नेबापूरला पाय लावावेत अशी माझी कळकळीची विनंती पानावर घ्या. बहुतेक गट वरच्या वर बाजीप्रभूंच्या पुतळ्याला हार घालून निघून जातात.

तिथीचंही एक आहे. मोहिमा १२-१३ जुलैच्या आसपास, म्हणजे तारखेनं निघतात, आणि ती रात्र आषाढ पौर्णिमेच्या सुमाराची होती. यंदा अधिक मासामुळं आषाढ पौर्णिमा जुलैच्या अखेरीस आहे. म्हणजे दोन्ही वेळा डोंगर गजबजणार.

पठारावरची

मास्तर, तुम्ही म्हणताय त्या वाटेवर आमचं घर आहे. मसाई पठार उतरून पुढं गेलं की वाड्या लागतात त्यातली एक. नाव लिहीत नाही.

आमची आजी आषाढ पौर्णिमेच्या रात्री पडवीत कंदील लावून ठेवायची. का म्हणून विचारलं तर म्हणायची, "राजं ह्याच वाटंनं गेलं. पाऊस लई व्हता." जसं काही गेल्याच वर्षी गेले. आता आजी नाही, कंदील आई लावते. वीज आली तरी लावते.

म्हणून मोहिमेची पोरं "जय भवानी" म्हणत येतात तेव्हा आम्हाला आनंदच होतो. चहा, पोहे, रात्रीचं जेवण, त्यातनं चार पैसे मिळतात तेही खरं. पण जुलै म्हणजे आमची रोपलागण. गुडघाभर चिखलात सगळं घर कमरेत वाकलेलं असतं. त्याच वेळी बांधावरनं हजार-हजार माणसं जातात. एका ओळीत गेली तर काही होत नाही. शेजारी-शेजारी चालायला लागली की बांध फुटतो, वरच्या खाचराचं पाणी खालच्यात येतं आणि काल लावलेलं रोप आडवं. मागच्या पावसात असंच झालं. शहरातल्या एका आयोजकाचा मोठा गट होता, त्यांना थांबवून दाखवलं तर म्हणाले, "पुढं कळवतो." कुणी कळवलं नाही. दीड दिवसाचं काम परत केलं.

आणि झरा. आमच्या वाडीला पिण्याचा एकच आहे. त्याच्या तोंडाशी पाय धुतात, बूट धुतात, रिकाम्या बाटल्या तिथंच. पहिल्यांदा मला राग यायचा. मग आम्ही झऱ्याच्या वीस पावलं खाली एक पाट काढला, कडेला सपाट दगड मांडले आणि पाटी लावली, "पाय इथं धुवा, वर पिण्याचं आहे." खरं सांगते, नव्वद टक्के पोरं ऐकतात. सांगणारं पाहिजे.

पानावर एवढं लिहा : बांधावर एका ओळीत. झऱ्याला हात जोडायचे, पाय नाही. घरचं ताट-वाटी सोबत. आणि वाटाड्या वाडीतलाच घ्या. पठारावर धुकं उतरलं की हाताएवढ्या अंतरावरचं दिसत नाही, दरवर्षी कुणी ना कुणी उलट्या दिशेला चालत सुटतं. मोबाइलला रेंज नसते. आमचा भाऊ शिट्टी वाजवत पुढं असतो, त्याच्या शिट्टीवर लोक चालतात.

दख्खनवाट

पठारावरची, तुमचं सगळं जसंच्या तसं पानावर घेते. आणि कंदिलाचंही लिहू का? तुमची परवानगी असेल तरच.

पठारावरची

लिहा. आईला विचारलं. ती म्हणाली, वाडीचं नाव नको, नायतर लोक कंदील बघायला येतील.

पुण्याची_सूनबाई

नमस्कार. माझं माहेर नगरचं, सासर मूळचं कराडकडचं. सासूबाई ६८ वर्षांच्या. जोतिबा त्यांचं कुलदैवत, लग्नानंतर एकदाच गेल्या होत्या. चैत्र यात्रा बघायची फार इच्छा आहे. दोन मुलं आहेत, नऊ आणि पाच वर्षांची. मुख्य दिवशी जमेल का? की धाडस होईल?

कळकवाला

वहिनी, मुख्य दिवशी पाच वर्षांचं पोर घेऊन देवळाच्या आवारात शिरू नका. गुलालानं श्वास कोंडतो आणि गर्दीत पोराच्या उंचीवर हवाच नसते. यात्रेनंतरच्या रविवारी पाकाळणी असते, तेव्हा घरची घरं बायका-पोरांसकट येतात. गर्दी तेव्हाही असते, पण देवाजवळ उभं राहायला मिळतं.

सासूबाईंना काठ्या बघायच्याच असतील तर आदल्या दिवशी या. काठ्या डोंगरावर येतच असतात, त्या येताना बघा. दवणा घ्या, देवाला वाहा. त्याचा वास हातांना घरी जाईपर्यंत राहतो.

शिवाजीपूल

+१. अजून एक. मुख्य यात्रेच्या दुसऱ्या दिवशी रात्री कोल्हापुरात अंबाबाईचा रथोत्सव असतो. सासूबाईंना तिथं आणा. रस्ताभर रांगोळ्या, दिव्यांची आरास, लोक दारात खुर्च्या टाकून बसलेले. म्हाताऱ्या माणसांना बसून बघता येतं. काल डोंगरावरनं आलेल्यांच्या कानामागं गुलाल अजून असतो, त्यावरनं कोण कोण जाऊन आलं ते ओळखायचं.

यात्रेत दुचाकीनं जाणाऱ्यांना माहीत असावं म्हणून : घाटात मेकॅनिक मंडळी फुकट दुरुस्तीला बसलेली असतात. पंक्चर, तुटलेली केबल, काहीही. दिवसभर हात काळे करून एक रुपया घेत नाहीत. आणि अन्नछत्रंही असतात, उपाशी कुणी परत जात नाही. स्वतःचं सामान बरोबर आणून गर्दीत पिशव्या वाढवू नयेत.

पावसाळ्यासाठीही एक ओळ लिहा ताई. कोल्हापूरहून पन्हाळ्याला येणाऱ्यानं राजाराम बंधाऱ्याची पातळी बघूनच निघावं. ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका. रेडेडोह फुटला म्हणजे आंबेवाडी-केर्ली बाजूला पन्हाळा रोडवर पाणी येतं. "रेडेडोह फुटला" हे दोन शब्द पुण्या-मुंबईच्या माणसाला काहीच सांगत नाहीत, म्हणून समजावून लिहा. वरच्या हॉटेलात अडकून पडलेली माणसं आम्ही २०१९ लाही बघितली आणि २०२१ लाही.

टपरी_तीनदरवाजा

मी गडावर टपरी चालवतो. मक्याची कणसं, चहा, भजी, दही. महोत्सव पाहिजे म्हणणाऱ्यांत मीही आहे, म्हणून बोलतो.

ताई, तुम्ही म्हणता डोंगराला त्याचं वर्ष आहे. बरोबर आहे. पण आमच्या गल्ल्याचं पण एक वर्ष आहे. जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार, मे महिना, आणि दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या. बाकी सोमवार ते शुक्रवार तीन दरवाज्यापाशी माकडं आणि आम्ही. २०२१ च्या जुलैत गडावर यायचा रस्ता खचला आणि कितीतरी महिने गाड्या वर आल्या नाहीत. मी तेव्हा खाली ऊसतोडीच्या टोळीला चहा पोचवायचं काम केलं. बायकोनं मंगळसूत्र गहाण ठेवलं. ज्यानं ते दिवस काढलेत त्याला डिसेंबरात तीन दिवस गर्दी होईल म्हटलं की बरं वाटणारच.

आणि डिसेंबरात गड किती सुंदर असतो! सकाळी सज्जा कोठीवर उभं राहिलं की खाली सगळं धुक्यात बुडालेलं, जोतिबाचा डोंगर तेवढा वर. लोक अकराला गाडीतनं येतात, अंबरखाना, अंधारबाव, तीन दरवाजा दोन तासांत उरकतात, जेवतात आणि चारला उतरतात. राहत कुणी नाही. राहिले तर पैसा राहतो.

जुना_मास्तर

तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण एक व्यवहाराची गोष्ट. अंबरखाना, तीन दरवाजा, सज्जा कोठी ही सगळी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणातली आहेत. तिथं स्टेजसाठी खड्डे, भिंतींना लाइटच्या वायरी, परवानगीशिवाय काहीच चालत नाही, आणि चालू नये. चार दरवाजा १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी पाडला. उरलेले दरवाजे आपल्या हातून झिजायला नकोत. अंबरखान्याच्या गंगा कोठारात २५,००० खंडी धान्य मावायचं असं सांगतात. वेढ्यात गड तगला तो ह्या कोठारांवर. ध्वनिक्षेपकाच्या भिंती लावून त्या दगडांना हादरे देणं मला सहन होणार नाही.

टपरी_तीनदरवाजा

मास्तर, मी कुठं म्हटलं डॉल्बी लावा? मला माणसं पाहिजेत, आवाज नको. मोठा आवाज झाला की आलेली माणसं पण लवकर जातात, हे आम्ही बघतो.

दख्खनवाट

दादा, तुमचं वाचून मी काल रात्री बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "तुला आज कळलं होय?" मी माझं वाक्य मागं घेते. "पाहुण्यांनी आमच्या वर्षात यावं" हे म्हणायला सोपं आहे, पण त्या वर्षात पन्हाळ्याचे हिवाळ्यातले महिने रिकामे आहेत हे मी बघितलंच नव्हतं. यात्रा जोतिबाला, मोहीम एका रात्रीची, आणि गडावरची माणसं वर्षभर तिथंच.

मग हिवाळ्यात असं काही करता येईल का? कोल्हापुरातल्या तालमी-आखाड्यांत मर्दानी खेळ शिकवतात, लाठी, दांडपट्टा, विटा-भाले. त्यांतल्या एकेका आखाड्यानं एकेका शनिवारी संध्याकाळी, वारसा वास्तूंपासून दूर, मोकळ्या मैदानावर खेळ करावा. एका शाहिरानं पोवाडा म्हणावा. वीज नको, उजेड असेपर्यंत. आणि रविवारी सूर्योदयाला गडावरच्याच माणसासोबत चालत फेरी, राजदिंडीपासून पुसाटी बुरुजापर्यंत. संध्याकाळचं आणि पहाटेचं दोन्ही बघायचं म्हणजे पाहुण्याला मुक्काम करावाच लागेल. तीन दिवस गर्दी करून उरलेले अठ्ठावीस दिवस शांत बसण्यापेक्षा दर शनिवारी वीस-वीस माणसं राहिली तर?

टपरी_तीनदरवाजा

हे जमण्यासारखं आहे. माझा पोरगा दांडपट्टा शिकतो, कोल्हापूरला जातो आठवड्यातनं दोनदा. त्याच्या वस्तादांना विचारतो. पहिल्या शनिवारी चहा माझ्याकडनं.

रानवाट_राधानगरी

उशिरा आलो. पन्हाळ्याच्या पानावर राधानगरी कशाला, असं म्हणू नका. पन्हाळ्याला येणारा माणूस दुसऱ्या दिवशी कुठं जाऊ विचारतोच.

मे अखेर ते पहिला जोराचा पाऊस, एवढे दिवस आमच्याकडं काजवे असतात. आता काजवा महोत्सव म्हणून लोक येतात. मी लोकांना रानात नेतो. एका झाडावर हजारो काजवे एका लयीत उघडझाप करतात. ते नराचं मादीला बोलावणं असतं. आपण टॉर्च मारली, गाडीचा दिवा तसाच ठेवला की त्या बोलावण्यात अडथळा येतो आणि सगळं झाड विझल्यासारखं होतं. मागं एका आठ वर्षांच्या मुलीनं वडिलांच्या हातातला मोबाइल हळूच खाली केला आणि म्हणाली, "बाबा, ते बोलतायत." तेव्हापासून मी प्रत्येक गटाला हेच सांगून सुरुवात करतो.

जुलै-ऑगस्टात धरण भरलं की स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, सात आहेत. त्याची तारीख कुणी देऊ शकत नाही, पाऊसच देतो. ते बघायला येणाऱ्यांनी शिवाजीपूल यांची रेडेडोहाची ओळ आधी वाचावी. आमचे दरवाजे उघडले की खाली पंचगंगा चढते.

पुण्याची_सूनबाई

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचनखूण साठवली आहे. पाकाळणीचं नक्की करतोय. सासूबाईंना हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. म्हाताऱ्या बाई काठीच्या बुडाला पाणी घालतात तिथं त्यांनी थांबवलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडं पण काठी थांबायची. मी नवीन नवरी असताना पाणी मीच घातलंय." हे त्यांनी आम्हाला एवढ्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. कळकवाला दादा, तुमची काठी कराडवरून जाते का?

कळकवाला

वहिनी, जाते. गावाचं नाव आणि दिवस निरोपात पाठवतो. आईंना म्हणावं, पाणी तयार ठेवा.

दख्खनवाट

पहिला खेटा झाला. सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहिते.

शनिवारी रात्री वडिलांना म्हटलं, आपण गायमुखापर्यंत गाडीनं जाऊ, तिथून जमेल तेवढं चालू. त्यांनी आधी मान हलवली. गाडीनं गेलं की तो खेटा नाही, म्हणाले. मग पहाटे तीनला उठले ते आंघोळ करून, टोपी घालून दारातच उभे.

गायमुखाशी उतरलो तेव्हा अंधार होता. त्यांनी चपला काढल्या आणि गाडीत ठेवल्या. मी काही बोलले नाही. तरणी पोरं भराभर पुढं जात होती. आम्ही दहा पायऱ्या, थांबा, दहा पायऱ्या, थांबा. मध्ये एका मुलानं काठी दिली आणि न थांबता पुढं गेला, परत कुठं द्यायची तेही सांगितलं नाही. एरवी वीस-पंचवीस मिनिटांची चढण, आम्हाला सव्वा तास लागला. दक्षिण दरवाज्याशी पोचलो तेव्हा ऊन आलं होतं. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागून रक्त आलं होतं, त्यांना ते मी दाखवेपर्यंत कळलं नव्हतं. पुजाऱ्यांनी गुलाल लावला. वडील माझ्याकडं वळून म्हणाले, "उरलेले चार रविवार लिहून ठेव."

पान पन्हाळ्यावर गेलंय. बहिणीनं ते पडवीत, पाण्याच्या माठावर लावलंय, कारण तिथं प्रत्येक जण थांबतो. तिनं माझ्या पानाखाली तिच्या अक्षरात एक ओळ वाढवलीय, "तारीख दरवर्षी बदलते, निघण्याआधी मला फोन करा."

पठारावरची

ताई, वडिलांना नमस्कार सांगा. आणि ती काठी?

दख्खनवाट

दरवाज्यापाशी भिंतीला टेकवून ठेवली. पुढच्या रविवारी कुणाला तरी लागेल.